पुसलेल्या साइटवरून आलेलं पान

मुरबाडजवळची म्हशाची जत्रा आमच्या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर भरते. लांबलांबून लोक येतात, बैल घेतात, घोंगड्या घेतात... आणि मी ती जत्रा कॉलेजात जाईपर्यंत पाहिलेली नव्हती. कारण सोपं आहे. जत्रा पौषात, आणि पौषात आम्ही वाडीवर नसायचो. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा. आई, बाबा, मी, धाकटा भाऊ, दोन पातेली, चार कोंबड्या — सगळे भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. पावसाच्या आधी परत. आमच्या नावावर जमीन कधी नव्हती, आजही नाही. बाबा गारा तुडवायचे, आई विटा थापायची, आणि मी थापलेल्या विटा उन्हात पालथ्या करायचे.

पुढे एका गुरुजींनी बाबांना गाठून मला शहापूर तालुक्यातल्या आश्रमशाळेत घातलं. तिथून बारावी, मग बी.एस्सी. आमच्या वाडीवरची पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी मुद्दाम सांगते आणि न लाजता सांगते, कारण ती डिग्री मला कुणी ताटात वाढलेली नाही.

आता इथल्या वाचकांसाठी एक खुलासा. मी हा भुताखेतांच्या अनुभवांचा विभाग नेहमी वाचते, पण बहुतेक वेळा हसण्यासाठी. विहिरीवरची बाई, चिंचेखालचा पाहुणा, मागून येणारी पावलं... भट्टीवर आम्ही उघड्यावर झोपायचो, शेजारी मसणवट होती, आणि आम्हाला भीती फक्त मुकादमाची वाटायची. भुतांवर विश्वास ठेवायला सुद्धा माणसाला सवड लागते. मला ती नव्हती. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते वाचून कुणी मला देवभोळी समजू नये. जे घडलं ते भर दुपारी, शहापूरच्या बाजारपेठेत, ट्यूबलाइटखाली, एका साक्षीदारासमोर घडलं.

साधारण २००७ साल असेल. मी शहापुरात एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मालक भोईरसर — माणूस चांगला, पण जीभ तिखट. मला ते कायम ‘सुमन मॅडम’ म्हणायचे, आणि त्यातला ‘मॅडम’ असा ओढायचे की विद्यार्थ्यांनाही कळावं की ही थट्टा आहे. क्लास सुटला की मी तिथंच बसून माझं दुसरं काम करायचे. ते बिनपगारी होतं.

तेव्हा कंप्युटरवर मराठी लिहिणं म्हणजे दिव्य होतं. एकाचा फॉन्ट दुसऱ्याकडे नसला की मराठीच्या जागी इंग्रजीची कचराकुंडी दिसायची. काही मंडळींनी मिळून एक फुकट प्रोग्रॅम बनवला होता, जुन्यात जुन्या कंप्युटरवरही मराठी लिहिता येईल असा. त्याचे कर्तेधर्ते पुण्याचे विनायकदादा. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओळख सगळी ईमेल आणि फोनवरची. प्रोग्रॅम त्यांचा, पण तो वापरायचा कसा हे सांगणारी मराठी पानं — डॉक्युमेंटेशन — ती सगळी माझी. एकूण एक. पहिल्या ‘इथे क्लिक करा’पासून शेवटच्या ‘अडचण आली तर’पर्यंत. विनायकदादांच्या घरात कोपऱ्यात एक जुना कंप्युटर दिवसरात्र चालू असायचा, त्याच्यावर आमची ही साइट होती. मी शहापुरात बसून थेट तिथंच लिहायचे. वेगळी प्रत ठेवायची पद्धत मला माहीत नव्हती. ठेवणार कुठे, घरी का कंप्युटर होता?

त्यातला एक धडा माझ्या जिवाचा. ‘जुन्या कंप्युटरवर मराठी’. मुंबईच्या ऑफिसांनी टाकून दिलेले कंप्युटर आमच्याकडच्या आश्रमशाळांना मिळायचे आणि खोक्यातच राहायचे, कारण ते मराठी दाखवत नसत. मी रविवार-रविवार किन्हवलीच्या पुढच्या एका शाळेत जाऊन, एकेका मशीनशी झगडून, प्रत्येक पायरीचं चित्र काढून तो धडा लिहिला होता. त्या शाळेतली मशीनं पुढे एकेक करून भंगारात गेली. धडा राहिला.

मग एक दिवस विनायकदादांचा मेल आला. आमच्यासारखे पाच-सहा फुकट प्रोग्रॅम होते, प्रत्येकाची मदतीची साइट वेगळी. आता सगळ्यांनी मिळून एकच साइट करायची, एकच साचा — कॉमन फ्रेमवर्क. एकसारखी अनुक्रमणिका, एकसारखा शोध, एकदा सुधारलं की सगळीकडे सुधारलं. दादा फोनवर म्हणाले, प्रत्येकाची वेगळी विहीर कशाला, एकच नळयोजना करू.

नळयोजना म्हटलं की आमच्या भागातला माणूस आधी दोन पावलं मागे सरकतो. भातसाचं धरण आमच्याकडे, भातसानगर आमच्याकडे, आणि पाणी मुंबईला. मी सरळ विचारलं की या योजनेत मराठीच्या वाट्याला नळ येणार का नुसता पाइप जाणार. दादा हसले. पण मग म्हणाले की अट आहे. नवा साचा अर्धवट भाषा घेत नाही. एक जरी धडा रिकामा असला तर ती पूर्ण भाषा यादीतून गळते. महिनाअखेरच्या सोमवारी सगळ्या प्रोजेक्टवाल्यांची मीटिंग आहे. त्या दिवशी ज्या भाषा पूर्ण असतील त्याच राहतील. मराठी वाचणारे थोडे, असं म्हणणारे दोघे-तिघे आहेतच. त्यांना निमित्त मिळायला नको.

हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या हातात काही आठवडे होते.

काम किचकट होतं. जुनी पानं सगळी जुन्या फॉन्टमध्ये. नव्या साइटवर सगळं युनिकोडमध्ये हवं, म्हणजे कुठल्याही कंप्युटरवर वेगळ्या फॉन्टशिवाय दिसेल असं. दादांनी रूपांतर करणारं एक छोटं टूल दिलं होतं. त्यात जुना मजकूर टाकला की नवा बाहेर यायचा, पण वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटलेल्या, जोडाक्षरं फुटलेली. मग ओळन् ओळ हातानं दुरुस्त करायची. भोईरसर जाता-येता टोमणा मारायचे, “मॅडम, भात निवडताय का?” आणि मग, “मराठीत मदत वाचणार कोण? माझ्याकडे पोरं येतात ती इंग्रजीसाठीच.” मी म्हणायचे, सर, तुम्हाला इंग्रजीत मदत लागली तर मला हाक मारा. मग ते चहा सांगायचे.

दादांच्या सांगण्यावरून सगळी जुनी साइट मी आधीच एका सीडीवर उतरवून घेतली होती आणि त्या सीडीवरून धडे एकेक करून हलवत होते. शेवटचा गुरुवार उजाडला. एवढा एक ‘जुन्या कंप्युटरवर मराठी’ सोडला तर सगळं झालं होतं. आवडीचं काम शेवटाला ठेवायची मला सवय आहे. सीडीवर फोल्डर दिसत होतं, फाइलींची नावं दिसत होती. मी दादांना मेल टाकला — माझ्याकडे सगळं आलंय, जुनी साइट मोडून टाका.

का घाई केली? दादांनी मला हेच विचारलं नंतर. ते पुण्याचे, त्यांना नाही कळणार. भट्टीवरून निघायचं ठरलं की खोप, म्हणजे राहायची झोपडी, त्याच दिवशी मोडायची असते. खोप उभी दिसली की मुकादम म्हणतो, “अजून खोप हाय ना, मग राहा चार दिवस, एवढ्या विटा थापून जा.” निघणारा माणूस मागे उभं काही ठेवत नाही. हे माझ्या हाडात आहे. डिग्रीनं ते गेलं नाही.

दादांनी ऐकलं. मशीन पुसलं, डिस्क कोरी केली, एका शाळेला द्यायला खोक्यात भरून ठेवलं.

शुक्रवारी मी त्या धड्याच्या फाइली उघडल्या. आत काही नव्हतं. नावं होती, मजकूर शून्य. चित्रंही तशीच. सीडीसाठी फाइली उतरवताना भारनियमनात लाइट गेली असणार आणि इन्व्हर्टर लागायच्या आत तेवढं फोल्डर पोकळ राहिलं असणार.

मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. सर्च इंजिनकडे असतात त्या साठवलेल्या प्रती शोधल्या. नव्हत्या, कारण मशीनवर ताण नको म्हणून दादांनीच त्यांना बंदी केली होती. ज्या शाळांनी छापून घेतलं असेल त्यांना फोन केले. एकीकडे पहिलं पान होतं, त्यावर डाळ सांडलेली. दादांनी पुसलेली डिस्क पुन्हा जोडून एक प्रोग्रॅम चालवून पाहिला, काही हाती लागलं नाही, पुन्हा खोक्यात घातली. नव्यानं लिहायचा तर त्या शाळेतली मशीनं भंगारात गेलेली, दुसरीकडची खोक्यात. चित्रं कशाची काढू? आणि मध्ये फक्त शनिवार-रविवार. सोमवारी मराठी गळणार होती. माझ्या हातानं.

शनिवारी दुपारी आई आली.

ती सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला मुरबाडहून सकाळच्या एसटीनं आली होती. काम आटोपून माझ्याकडे. क्लास रिकामा होता. भोईरसर एका कंप्युटरसमोर वैतागून बसले होते. व्हायरसनं मशीन खाल्लं म्हणून त्यांनी सकाळीच ते फॉरमॅट करून सगळं नव्यानं टाकलं होतं. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकली, पायातल्या चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि माझं तोंड बघितलं.

“काय गो सुमे, कोण मेलं?”

मी सांगितलं. तिला समजेल असं सांगितलं — आमचं सामान एका घरात होतं, ते नव्या घरात न्यायचं होतं, जुनं घर पाडलं, आणि आता कळतंय की एक गाठोडं तिथंच राहिलं.

आईनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, “निघताना जागेला सांगतलंस का?”

मला ठाऊक होतं ती कशाबद्दल बोलते आहे. भट्टीवरून निघायच्या दिवशी, खोप मोडली की आई रिकाम्या चुलीशी बसायची, तिच्यावर पाणी शिंपडायची आणि मोठ्यानं बोलायची. कुठल्या देवाशी नाही, त्या जागेशी. आमच्यात सगळ्याच बाया असं करायच्या. मला त्याची लाज वाटायची, मी ट्रकमध्ये जाऊन बसायचे.

मी म्हटलं, “आई, तसं नसतं हे.”

“कसं असतं मग?”

भोईरसर मध्ये पडले. “मावशी, ही जागा पुण्यात आहे. आणि ती पण पुसून टाकली. आता नाय ती.”

“जागा कुठं जाते मास्तर? माणसं जातात,” आई म्हणाली. “कुठनं दिसते ती, तेवढं दाखव.”

सरांना हसू आवरत नव्हतं. ते आपल्या त्या सकाळी फॉरमॅट केलेल्या मशीनवरून उठले आणि आईला खुर्ची दिली — “बसा मावशी, हे अगदी कोरं आहे.” मी जुन्या साइटचा पत्ता टाकला. अपेक्षेप्रमाणे पांढरं पान, त्यावर ‘सर्व्हर सापडत नाही’. आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तसं सरांचं हसू आटलं.

“मावशी, पाणी नको. कीबोर्ड जाईल माझा.”

आईनं बाटली ठेवली. ओला हात पदराला पुसला, तो मॉनिटरच्या डोक्यावर ठेवला — गाईच्या पाठीवर ठेवतात तसा — आणि मला म्हणाली, “मी नाय बोलायची. खोप तुझी होती. तू बोल.”

मी बी.एस्सी. आहे. फिजिक्स. समोर माझे मालक. मी कीबोर्ड पुसायला लागले.

“सुमे, त्या जागेनं तुझं येवढं ऱ्हाऊन दिलं, आन तू पाठ फिरवून चाललीस. कुणी भाडेकरू पण सांगून जातो.”

हे मला लागलं. श्रद्धा वगैरे काही नाही, पण हे खरं होतं. तो कोपऱ्यातला कंप्युटर आमच्यासाठी वर्षानुवर्षं चालला होता आणि मी एका ओळीच्या मेलमध्ये ‘मोडून टाका’ लिहिलं होतं. मी सरांकडे न बघता आईचे शब्द म्हटले. तिनं शिकवले नाहीत, ते मला पाठ होते.

“आमी निघालो. तुझं काय आमच्याकडं आलं असेल तर ते घे. आमचं काय ऱ्हायलं असेल तर ते आत्ता दे. मागून हाक मारू नको.”

आणि पत्ता पुन्हा एकदा टाकला. का? मी सांगू शकत नाही. एवढं बोलल्यावर काहीतरी करायला हवं म्हणून.

पान उघडायला लागलं.

वरून खाली, सावकाश, विटांची एकेक ओळ लागत जावी तसं. आधी आमची नारिंगी पट्टी. मग प्रोग्रॅमचं नाव. मग डावीकडची यादी... भोईरसर माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी यादीतल्या ‘जुन्या कंप्युटरवर मराठी’वर क्लिक केलं. तेही उघडलं. पूर्ण. चित्रांसकट. मी ते पान सेव्ह केलं, मग चित्रं एकेक करून सेव्ह केली, सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं. मग म्हटलं, दुसरा एखादा धडा बघू, म्हणून वरच्या ओळीवर क्लिक केलं —

सर्व्हर सापडत नाही.

मागे गेले. सर्व्हर सापडत नाही. पत्ता नव्यानं टाकला. तेच. त्या दिवसानंतर तो पत्ता कधीच उघडला नाही.

आईला यात नवल काही वाटलं नाही. “दिलं ना तिनं? मग झालं,” म्हणाली आणि मुरबाडची गाडी किती वाजता आहे ते सरांना विचारलं. सरांनी त्या दिवशी स्वतः जाऊन तिला स्टँडवर सोडलं. मावशींची पिशवीसुद्धा त्यांनीच उचलली.

आता तुमच्यापैकी निम्मे जण म्हणतील — कॅश. कंप्युटर जुनी पानं आत साठवून ठेवतो, त्यातलं दिसलं असेल. भोईरसर तर आजही हेच म्हणतात, फक्त हल्ली जरा आवाज उतरवून म्हणतात. पण ते मशीन सकाळीच कोरं केलेलं होतं, त्यांनी स्वतः. क्लासची लाइन थेट टेलिफोनची, मध्ये साठवणारं काही नाही. पुण्याला मी लगेच फोन केला, तर दादा म्हणाले की मशीन खोक्यात आहे आणि खोक्यावर त्यांच्या मुलानं सायकलचं हेल्मेट ठेवलंय.

तरी मी मान्य करते, कॅशची काहीतरी भानगड असू शकते. मला कंप्युटरबद्दल सगळं कळतं असं नाही. मी गप्प बसले असते, हे लिहिलंच नसतं. पण पुढचं ऐका.

रविवारी मी तो धडा नव्या साच्यात घालायला बसले. नेहमीप्रमाणे आधी रूपांतराच्या टूलमध्ये टाकला. बाहेर निव्वळ कचरा आला. पुन्हा टाकला, पुन्हा कचरा. मग मी सेव्ह केलेली फाइल नीट उघडून पाहिली आणि खुर्ची मागे सरकवली. मजकूर आधीच युनिकोडमध्ये होता. वेलांट्या आपापल्या अक्षरावर. जोडाक्षरं अखंड. जुन्या साइटवर तो धडा कायम जुन्या फॉन्टमध्येच होता, मी तसाच लिहिला होता, दुसऱ्या कुणाला तिथं लिहिण्याची परवानगी नव्हती. कॅश जुनं पान दाखवेल. ते युनिकोडमध्ये लिहून कसं देईल?

मी दादांना फाइल पाठवली. त्यांनी ती उघडली आणि लगेच फोन केला. विचारलं, “सुमन, हे कन्व्हर्ट कुणी केलं?” मी म्हटलं, मी नाही केलं. तुम्ही? ते म्हणाले, मला तर शुद्धलेखन पण येत नाही.

मी यावर वर्षानुवर्षं विचार केलाय. जाणकारांना विचारलंय. प्रत्येक जण अर्ध्या गोष्टीचं उत्तर देतो आणि उरलेल्या अर्ध्यापाशी चहा मागवतो. आईचं उत्तर माझ्या डिग्रीत बसत नाही. एवढं मात्र करते — कुठलीही साइट बंद करायची वेळ आली की हात ठेवून दोन शब्द बोलते. ऑफिसातली पोरं हसतात. हसू देत.

सोमवारी मीटिंग झाली. नव्या साच्यानं मराठी तपासली, एकही धडा रिकामा निघाला नाही, आणि यादीत मराठी आली. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी मला पगारावर घेतलं, मदतीची सगळी पानं सांभाळायला. त्यानंतरच्या दिवाळीत मुकादमाचा ट्रक वाडीवर आला तेव्हा आई-बाबा त्यात चढले नाहीत. आणि खोक्यात पडून असलेले कंप्युटर त्या धड्यावरून आमच्या भागातल्या आश्रमशाळांमध्ये सुरू झाले, मराठीत.